उष्टा चमचा

‘मॅडम, सासूबाईंना तुम्हीच सांगा, माझं ऐकत नाहीत,’ असं म्हणत ती खुर्चीत बसली. सासूबाई अजून दारात चपला काढत होत्या. कडेवर अडीच वर्षांचा नातू. सुनेला आपण रेश्मा म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत.

घर गोव्यातल्या डिचोलीच्या बाजूचं. मुलाचे वरचे पुढचे चार दात हिरडीलगत तपकिरी पडलेले. दंतवैद्यांनी ‘जंतूंनी कीड लागलीय’ एवढंच सांगितलं आणि रेश्माने त्या रात्री मोबाइलवर वाचलं, की हे जंतू मोठ्यांच्या लाळेतून मुलाकडे येतात. दुसऱ्या सकाळपासून घरात नवा कायदा लागू झाला. आजीने भरवायचं नाही, पापा घ्यायचा नाही, पेज फुंकून द्यायची नाही. मुलाची वाटी आणि चमचा वरच्या फडताळात, आजीचा हात पोचणार नाही तिथे.

‘म्हजें तोंड घाण म्हणटा ही,’ आजी म्हणाल्या आणि मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

‘माझ्यामुळे किडले का हो दात?’ किंवा ‘तिच्यामुळेच ना?’ हा प्रश्न माझ्याकडे अनेकदा येतो. मी दंतवैद्य नाही, घरच्यांना सल्ला देणारी आहे; पण आमच्याच इमारतीतल्या बालदंतवैद्यांना विचारून मी या विषयात थोडी पक्की झाले आहे.

रेश्माने वाचलेलं खोटं नव्हतं. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जंतू जे. किलियन क्लार्क यांनी १९२४ साली लंडनमध्ये किडलेल्या दातांतून वेगळा केला. बाळ तो पोटातून घेऊन येत नाही, बहुतेकदा घरच्यांकडूनच मिळवतो. आईचा आणि मुलाचा जंतू एकाच वाणाचा निघाल्याचं अनेकदा दिसलं आहे. पण तो बाबांकडूनही येतो, बालवाडीतल्या सोबत्याकडूनही येतो. एका माणसाचा चमचा लपवून तो थोपवता येत नाही. शिवाय तोंडात जंतू असणं वेगळं आणि दात किडणं वेगळं. जंतू साखर खातो, आम्ल सोडतो, आणि त्या आम्लाने दातावरचं कवच विरघळतं. खाणं थांबलं की लाळ हळूहळू ते भरून काढते. मध्ये उसंतच मिळाली नाही तर खड्डा पडतो.

म्हणून मी दोघींना एक वही दिली. दोन दिवस मुलाच्या तोंडात पाण्याशिवाय जे काही जाईल ते वेळेसकट लिहायचं. कुणी दिलं ते लिहायचं नाही. ही अट आजींना आवडली, रेश्माला नाही.

वही आली तेव्हा एका दिवसात तेरा नोंदी होत्या. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव गोड चहात बुडवून. बिस्कीट, पुन्हा बिस्कीट. रडू नये म्हणून चोखणीला मध. संध्याकाळी स्कूटरवर पुढे उभं राहताना बाबांचं लॉलीपॉप. रात्री साडेदहाला साखर घातलेलं दूध बाटलीने, आणि दोनला पुन्हा तेच, झोपेतच. आजींनी भरवलेली पेज दुपारी एकदा, मीठ घालून.

रेश्मा त्या पानाकडे बघत राहिली. रात्रीची बाटली तिची होती.

इथे मी घाईने बोलले, कारण एकीवरचा आळ उचलून दुसरीवर ठेवायला मी वही दिली नव्हती. दिवसभर कामावर उभी राहून आलेल्या बाईला रात्री दोन वाजता बाटलीशिवाय काय सुचणार? झोपेत लाळ कमी सुटते, दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं. खालच्या दातांवर जीभ असते, म्हणून ते बहुधा वाचतात. तिच्या मुलाचेही वाचले होते.

एकूण साखरेपेक्षा ती किती वेळा तोंडात जाते हे जास्त महत्त्वाचं, हे स्वीडनमधल्या विपेहोल्म इथल्या प्रयोगात दिसलं. १९४५ नंतर तिथल्या संस्थेतल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांना मुद्दाम चिकट टॉफ्या चारल्या गेल्या, त्यांची संमती न घेता. माझ्या पेशात हे विसरता येत नाही. ज्ञान मिळालं, पण कुणाच्या दातांवर?

बाटलीतलं दूध एकदम बंद केलं नाही. आधी साखर काढली, मग रोज थोडं पाणी वाढवत नेलं. आठवडाभर घर जागं होतं. झोपण्याआधी मुलाचं डोकं मांडीवर घेऊन ब्रश. त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी, १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची पेस्ट. ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत,’ असं बाबा म्हणाले. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकवायच्या असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. लॉलीपॉप त्यांनी आपणहून सोडलं. पुढच्या चार दातांचं काय करायचं ते मात्र मी दंतवैद्यांवर सोपवलं.

तिसऱ्या भेटीत आजींनी हळूच विचारलं, ‘आणि चवथीच्या नेवऱ्या?’ नेवऱ्या म्हणजे गोड करंज्या. जेवणाबरोबर द्या, मग पाणी पाजा, म्हटलं. दिवसभर हातात नको.

मग मी त्यांच्या स्वतःच्या दातांचं विचारलं. मोठ्यांची कीड दुरुस्त झाली की त्यांच्या लाळेतले हे जंतूही कमी होऊ शकतात. आजींची एक दाढ पाच वर्षं दुखत होती. लवंग धरून त्या भागवत होत्या. बांबोळीच्या दंत महाविद्यालयात त्यांना घेऊन रेश्माच गेली, अर्धी रजा टाकून. परतताना बसमध्ये आजींच्या गालात कापूस होता, बोलता येत नव्हतं. मूल त्यांच्याच मांडीवर झोपलं, असं रेश्माने मला फोनवर सांगितलं. चमचा आता खालच्या फडताळात आहे.