पावत्या कोणत्या पानात आहेत?

*"आम्ही दोघी बहिणी नगरकडच्या, लग्नानंतर गोव्यात आलो. मी म्हापशाला, धाकटी डिचोलीला. मी निवृत्त शिक्षिका. चार वर्षांपूर्वी हे गेले, तेव्हापासून घरात एकटीच आहे. सगळी पुंजी तीन बँकांत, प्रत्येकीत ५ लाखांच्या आत ठेवली आहे. बहिणीने घराचे वासे आणि कौलं बदलायला दीड लाख मागितले. मी नाही म्हटलं. आधीचे २० हजारही तिने परत केलेले नाहीत. एफडीच्या पावत्या मी बायबलमध्ये ठेवते, तिथे कोणी हात लावत नाही. आता ती माझ्याशी बोलत नाही. चूक कोणाची? देवाने दिलेलं सांभाळणं पाप आहे का?"*

ताई, ते २० हजार राहू देत. तुमच्या एका वाक्यापाशी मी दोन दिवस अडून बसले आहे. 'तिथे कोणी हात लावत नाही.' घरात तुम्ही एकट्या. मग हे 'कोणी' म्हणजे कोण?

माझ्या सासूबाईंचं बायबल असंच होतं. मधे फुगलेलं, वर रबर बांधलेलं. त्या गेल्यावर आम्ही ते उघडलं. पावत्यांना लावलेल्या टाचणीचा गंज स्तोत्रसंहितेच्या पाचसहा पानांतून आरपार उतरला होता. त्या पुस्तक रोज उघडत, पण मुदत कधी भरते ते बघायला. मला ते दिसत होतं आणि मी कधी बोलले नाही. म्हणून तुम्हाला बोलते आहे.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायात एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. त्यालाही चूक कोणाची ते ठरवून हवं होतं. येशूने ते काम साफ नाकारलं आणि एका धनवानाची गोष्ट सांगितली. त्याला पीक उदंड आलं. जुनी कोठारं पाडून मोठी बांधीन म्हणाला, जिवाला सांगितलं, पुष्कळ वर्षांची बेगमी झाली, आता खा, पी, आराम कर. त्याच रात्री त्याचा जीव मागितला गेला.

त्याने कोणाला लुबाडल्याचं गोष्टीत कुठेही नाही. त्याचा दाणाही वाया गेला नव्हता. पण तो बोलतो ते फक्त स्वतःशी. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल. शेजारी नाही, भाऊ नाही, देवाचं नावसुद्धा नाही. मरण रात्री आलं, पण त्या घरात दुसऱ्या कोणाला जागा उरली नव्हती ती आधीपासूनच.

तुमची भीती मला कळते. २०२० साली म्हापशातल्याच एका जुन्या सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला. त्याच वर्षी ठेवींचा विमा १ लाखावरून ५ लाखांवर गेला. तुम्ही पैसे विचार करूनच वाटून ठेवलेत. पण तो विमा पैसे बुडाले तर आहे. पैसे शाबूत असताना माणूस आतून कोरडं पडत जातं, त्यावर विमा नाही.

सांभाळणं पाप आहे का, विचारता. मे महिन्यात गोव्यात घरोघरी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात. सुकी मासळी, सोलं, मिरची. त्यात कसलं आलंय पाप? पाऊस पडला की बरणी उघडते, शेजारीणही वाटीभर मागून नेते. बायबलमधला प्रेषित पौलही आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहितो तेव्हा धनवानांना धन टाकून द्या म्हणत नाही. चंचल धनावर आशा ठेवू नका, देवावर ठेवा, आणि परोपकारात उदार व्हा, एवढंच म्हणतो. तुमची बरणी उघडतच नाही, ताई. बहिणीच्या डोक्यावर पाणी गळणार आहे हे माहीत असूनही नाही.

म्हणून आता एकच करायचं. सोमवारी सकाळी बँकेत जाऊन सगळ्यात लहान पावती मोडा. मुदतीआधी मोडली म्हणून व्याज थोडं कमी मिळेल, मिळू दे. दीड लाख बहिणीला द्या, उसने म्हणून नव्हे. २० हजारांचा विषयही काढायचा नाही. पाऊस जूनमध्ये येतो, त्याआधी सुताराला हात घालायला आठ-पंधरा दिवस लागतील, तेव्हा पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

उरलेल्या पावत्या कपाटात, कपड्यांच्या घडीखाली ठेवा. त्या काढताना कोणत्या पानात होत्या ते बघा आणि ते पान तिथेच उभ्या उभ्या वाचा. कोणतं निघालं, मला कळवा. मी वाट बघते.