गावाकडे राहून रोज निसर्गात फिरलं तर मन खरंच शांत होतं का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात नोकरी आहे, डोकं रात्री पण बंद होत नाही, आणि नाशिकच्या बाजूला एखाद्या खेड्यात दोन-तीन महिने खोली घेऊन रोज सकाळी फिरावं असं मनात आहे. या की. फक्त गाव शांत असतं हे डोक्यातून काढून या.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कंपनीत 12 वर्षं शिफ्ट केल्या, मग वडील थकले म्हणून बायको-पोरांसकट गावी आलो, निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वरच्या बाजूला. पहाटे भोंगा, उजाडायच्या आत द्राक्षबागांमधून ट्रॅक्टरवरचे औषध फवारायचे ब्लोअर सुरू, शेतीची लाइट रात्रीची असली की मध्यरात्री उठून मोटर चालू करायला जा, आणि दिवसभर जो भेटेल तो कांद्याच्या भावाचं बोलणार. कंपनीत मशीनचा आवाज होता, इथे मोटरचा, एवढाच फरक पडला.

फिरणं सुरू केलं तर वेगळीच पंचाईत. गावात बिनकामाचं कोणी चालत नाही हो. "काय, कुठं निघाले?" असं पाच जण विचारतात, आणि "सहज" म्हटलं की माणूस थांबून तोंडाकडे बघतो, एकाने तर शुगर निघाली का म्हणून विचारलं. शेवटी मी हातात विळा घेऊन निघायला लागलो, म्हणजे गवताला चाललोय असं वाटावं. हसू नका, महिनाभर केलंय.

सुरुवातीला रोज नवीन रस्ता पकडायचो, कधी शिवाराच्या त्या टोकाला, कधी धरणाकडे, दुर्बीण घेऊन पक्ष्यांची नावं वहीत लिहायची, आज किती दिसले वगैरे. ते पण कंपनीतल्या टार्गेटसारखंच झालं. मग थंडीत बागेचं काम वाढलं, वेळ पुरेना, म्हणून जवळचा एकच रस्ता ठरवला, पाटाच्या कडेने, पुढे पाणंदीने, थेट गंगेपर्यंत (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात), दीड किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. आणि खरं काय ते तिथून सुरू झालं, कारण रस्ता पाठ झाला की बघायला नवीन काही उरत नाही आणि डोकं आपलं रडगाणं काढून बसतं. माझं भावाशी वाटणीवरून वाजलेलं होतं. त्याला काय काय सुनवायचं ते मी रोज चालता चालता मनात बोलायचो, आणि एक दिवस पाटाच्या वळणावरच्या बाभळीपाशी आलो तर लक्षात आलं की अरे, हेच वाक्य आपण काल पण इथेच बोललो, परवा पण, शब्दानशब्द तेच. स्वतःचाच कंटाळा आला राव. वाटणी अजून मिटलेली नाही, पण त्या बाभळीच्या पुढे तो विषय बहुतेक वेळा येत नाही. शांतता म्हणाल तर माझ्याकडे एवढीच आहे, ती निसर्ग सुंदर आहे म्हणून आली नाही, तोच तो रस्ता तुडवून आली.

मग बारीकसारीक दिसायला लागतं. पाऊस उघडला की धोबी येतो, शेपटी हलवत पाटाच्या कडेने पळतो, तो पहिला दिसला की थंडीची चाहूल. इथे कादवा गोदावरीला मिळते, तिथल्या जुन्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचून पाणथळ झालीये, 2020 च्या जानेवारीत रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) नाव आल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलंच. वरच्या धरणांतून पाणी सोडलं की काठ बुडतो, आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, संपलं की चिखल उघडा पडतो, आणि पाणी चढलं का उतरलं त्यावर रोज कोणते पक्षी कुठे बसलेत ते बदलतं. अंगाने काळाकुट्ट आणि कपाळावर पांढरा टिळा असा एक पक्षी शेकड्याने असतो, त्याला वारकरी म्हणतात. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, मग पंढरपूर सोडून इथं काय करतोय. आता थंडीत रोज संध्याकाळी विचारतात, वारकरी आहेत का गेले.

एक महत्त्वाचं. आमच्याकडे बिबट्या आहे, ऊस जिथे तिथे तो. अंधारात निघायचं नाही, पूर्ण उजाडू द्या, हातात काठी ठेवा, उसाच्या कडेने जाताना मोबाईलवर मोठ्याने गाणी लावा. त्या दोनशे मीटरमध्ये चिंतन-मनन काही होत नाही, मी तिथे जुन्या लावण्या लावतो.

खोलीचं म्हणाल तर जानेवारी ते मार्च द्राक्षाचा सीझन असतो, पेठ-सुरगाण्याकडून मजूर आलेले असतात, गावात खोली मिळणं अवघड. पक्षी बघायचे तर डिसेंबरमध्ये चार दिवस या, मात्र थंडीचे कपडे आणा, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला तापमानाचा आकडा दरवर्षी पेपरात येतो तो आमचाच निफाड. नुसतं राहायचं असेल तर पाऊस उघडता उघडता या, तेव्हा पाट भरलेला असतो. आणि येताना विळा नको, कुत्रा पाळलेला असेल तर तो आणा, मग कोणी काही विचारत नाही.