वाचक विचारतात : परदेशातल्या वर्गाशी बोलायचे काय?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. आमचा आठवीचा वर्ग गेल्या वर्षापासून दुसऱ्या देशातील एका वर्गाला महिन्यातून एकदा व्हिडिओवरून भेटतो. पहिल्या दोन भेटी उत्साहात झाल्या. मुलांनी एकमेकांना सण, पोशाख, खेळ यांची चित्रे दाखवली. तिसऱ्या भेटीपासून मात्र दोन्हीकडे शांतता असते. काहीही विचारले तरी ‘हो’ किंवा ‘छान’ यापलीकडे उत्तर येत नाही. मुले बुजरी आहेत, की आमचेच काही चुकते आहे? — एक शिक्षिका

उत्तर : मुले बुजरी नसावीत, त्यांच्याजवळचे बोलण्यासारखे संपले असावे. सण आणि पोशाख ही प्रदर्शनात मांडायची सामग्री आहे. ती एकदा पाहून झाली की पाहणाऱ्याला ‘छान’ म्हणण्याखेरीज काही उरत नाही, आणि दाखवणारे मूलही नकळत आपल्या देशाचा प्रतिनिधी होऊन पाठ केल्यासारखे बोलू लागते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहांवरील आपल्या १९५४ च्या ग्रंथात असे मांडले होते की, दोन गट नुसते समोरासमोर आले म्हणून त्यांच्यातील गैरसमज कमी होतीलच असे नाही. त्यासाठी दोघांचा दर्जा समान असावा लागतो, उद्दिष्ट एक असावे लागते, ते गाठताना एकमेकांची गरज पडावी लागते आणि वरिष्ठांचा या सगळ्याला पाठिंबा असावा लागतो. आपल्या भेटींत एकमेकांची गरज कुठेच पडत नाही, असे पत्रावरून दिसते.

तेव्हा असे काम द्यावे, जे दुसऱ्या वर्गाशिवाय पूर्णच होणार नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिसने सावलीवरून पृथ्वीचा घेर काढला होता. तोच प्रयोग दोन शाळांना सहज करता येतो. ठरलेल्या एकाच दिवशी दोन्हीकडे एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करावी आणि तिची सर्वांत आखूड सावली मोजावी. ती घड्याळात बारा वाजताच पडते असे नाही, त्यामुळे बराच आधीपासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करत बसावे लागते. मग काठी आणि सावली यांचा काटकोन त्रिकोण कागदावर प्रमाणात काढून काठीच्या टोकाशी होणारा कोन कोनमापकाने मोजावा. दोन ठिकाणच्या कोनांत २० अंशांचा फरक आला, तर पृथ्वीच्या ३६० अंशांपैकी अठरावा भाग दोन शाळांच्या मध्ये आहे असे समजावे. त्यांच्यातील उत्तर-दक्षिण अंतर नकाशावर २,२२० किलोमीटर भरले, तर त्याच्या अठरा पट, म्हणजे ४०,००० किलोमीटरच्या अगदी जवळचा घेर हाती येतो.

मात्र आपल्याला हवे आहे ते गणिताच्या वाटेवर मिळेल. समोरून ‘३६,४’ असा आकडा येतो आणि आपले एखादे मूल तो ३६४ सेंटिमीटर म्हणून उतरवते. एक मीटरच्या काठीची साडेतीन मीटरहून लांब सावली पाहून वर्गात हसू फुटते, आणि मग कळते की युरोपातील बऱ्याच देशांत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम देतात. कोणी तारीख ‘३/४’ अशी लिहिली, तर ती तीन एप्रिल की अमेरिकन पद्धतीने चार मार्च, हे विचारावेच लागते. एका वर्गाची सावली उत्तरेला आणि दुसऱ्याची दक्षिणेला पडली, तर कोनांची वजाबाकी न करता बेरीज करावी लागते, आणि ती का, यावर मुले हिरिरीने भांडतात. माझ्या मते दुसऱ्या देशाशी खरी ओळख अशा भांडणातूनच होते, कारण तिथे प्रश्न खरा असतो.

‘समजले का?’ असे मात्र कोणीही विचारू नये. पाहुण्यांसमोर ‘नाही’ म्हणणे अनेक समाजांत अवघड मानले जाते, त्यामुळे समोरचा ‘हो’ नुसता सौजन्याचाही असू शकतो. त्याऐवजी ‘आता तुम्ही आधी काय मोजणार?’ असे विचारावे. ज्यांची मातृभाषाच संभाषणाची भाषा आहे, ती मुले भरभर बोलतात आणि इतर गप्प होतात. यावर उपाय म्हणजे दोन दिवस आधी लेखी मजकूर पाठवणे. फ्रान्समधील शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२० च्या दशकात आपल्या वर्गात छोटे मुद्रणयंत्र आणले होते. मुलांनी स्वतः खिळे जुळवून छापलेला मजकूर दूरच्या शाळेत वाचला जाई आणि तिकडचा इकडे. कोणाचा चेहरा दिसत नव्हता, तरी संवाद चाले.

प्रश्न : माझी मुलगी वर्षभरासाठी परदेशात यजमान कुटुंबात राहून शिकणार आहे. पहिल्या महिन्यात सगळे छान वाटते आणि नंतर घरची ओढ लागते, असे ऐकले. ते खरे का? — एक पालक

उत्तर : हा समज मुख्यत्वे नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्व्हेरे लिसगार्ड यांच्या १९५५ च्या अभ्यासावरून रूढ झाला. फुलब्राइट योजनेतून अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियनांच्या मुलाखतींतून त्यांना असे दिसले की सुरुवातीला सूर जुळतो, मधल्या काळात बिघडतो आणि पुढे पुन्हा जुळतो. नंतरच्या अभ्यासांत हा क्रम सर्वांना लागू पडला नाही. कित्येकांना पहिलेच आठवडे सर्वांत जड गेले. म्हणून तारखेची वाट पाहत बसू नका. मुलीने सुरुवातीलाच रडत फोन केला, तर तिचे काही बिघडले असे मानण्याचे कारण नाही. पण यजमान घरात तिला असुरक्षित वाटत असेल, तर ते घरची ओढ म्हणून सोडून न देता स्थानिक समन्वयकाला त्याच दिवशी कळवावे. त्या व्यक्तीचा क्रमांक निघण्यापूर्वीच मुलीजवळ आणि आपल्याजवळ असू द्या.

प्रश्न : ठरलेल्या वेळी समोरचा वर्ग वर्षातून दोनदा तरी तासभर आधी किंवा उशिरा येतो. असे का?

उत्तर : दोन्ही देश आपली घड्याळे एकाच वेळी बदलत नसतील. युरोपीय संघात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलते, तर अनेक देशांत ते बदलतच नाही. निमंत्रणात दोन्हीकडची स्थानिक वेळ तारखेसह लिहावी, आणि तारखेतील महिना अक्षरांत लिहावा.