न्यूरोसर्जनची रोजची ऑपरेशनं कोणती आणि त्यांना किती वेळ लागतो?

'न्यूरोसर्जन रोज ८-१० तास मेंदू उघडून उभे असतात का?' असं तुम्ही विचारलंय. असतात, पण रोज नाही. मी इंदूरला भूलतज्ज्ञ आहे. सर्जनचे डोळे मायक्रोस्कोपला लागलेले असतात आणि घड्याळ माझ्याकडे असतं, म्हणून लिहितो.

रोजच्या कामात मेंदूपेक्षा मणकेच जास्त. कमरेतली गादी सरकून पायाची नस दबली असेल तर तेवढा तुकडा काढायचा: तास-दीड तास. मेंदूत पाणी साठलं तर शंट, म्हणजे डोक्यातून कातडीखालून पोटापर्यंत नेलेली नळी. तिलाही साधारण तेवढाच वेळ.

मला सगळ्यात आवडतं ते बर होल, म्हणजे कवटीला छोटं भोक पाडून करायचं ऑपरेशन. रामबागेतले नाहीतर सुदामानगरातले एखादे आजोबा, वय ७५-८०. महिन्यापूर्वी न्हाणीघरात डोकं जरासं आपटलेलं, घरचे ते विसरूनही गेलेले. आता चालताना झोक जातो, बोलणं भलतंच. 'वय झालं' म्हणण्यात आठवडा जातो आणि मग सीटी स्कॅनमध्ये कवटीखाली जुनं रक्त दिसतं. उतारवयात मेंदू आक्रसतो, वरच्या शिरा ताणल्या जातात आणि बारीकशा धक्क्यानंही झिरपू लागतात. कवटीला एक-दोन भोकं पाडली की इंजिन ऑइलसारखं काळपट रक्त आपणहून बाहेर येतं. (ड्रिल आत घुसणार नाही ना, हे प्रत्येक नातेवाईक विचारतो. हाड संपलं की ते आपोआप थांबतं.) सलाईननं धुवायचं, नळी ठेवायची, पाऊण-एक तासात टाके. कित्येकदा दुसऱ्या दिवशी आजोबा चहा गार का, म्हणून सिस्टरवर खेकसत असतात.

रात्री बायपासवरचे अपघात येतात, हेल्मेट बहुधा घरी. कवटी उघडून गुठळी काढायला २-३ तास. सूज फार असेल तर हाड लगेच बसवत नाहीत. ते पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात आणि काही महिन्यांनी परत बसवतात.

तुम्ही म्हणता ती ८-१० तासांची ऑपरेशनं गाठींची, त्यातही कानाच्या नसेवरच्या मोठ्या गाठीची. चेहऱ्याची नस गाठीवर चिकटून पसरलेली असते. ती न दुखावता सोडवण्यातच दिवस जातो.

हे सगळे आकडे चीर पडल्यापासूनचे. बाहेरची मंडळी मोजतात स्ट्रेचर आत गेल्यापासून. भूल देणं, पालथं निजवणं किंवा डोकं तीन खिळ्यांच्या चिमट्यात बसवणं, शेवटी जागं करून 'पाय हलवा बघू' म्हणणं, यात आणखी तासभर सहज जातो. तेव्हा डॉक्टरांनी दीड तास सांगितला असेल तर तीन तास होईपर्यंत ऑपरेशन थिएटरचं दार वाजवू नका. खाली जाऊन पोहे खाऊन या.