सही तिची आहे, तिच्या आईची नाही

बाळा,

तुझा मेसेज वाचला. तुझ्या न्यूज पोर्टलचं डेस्क म्हणतंय आपल्याकडची पोरगी रिअ‍ॅलिटी शोमध्ये रडली, गावी जाऊन तिच्या आईची रिअ‍ॅक्शन आण, आणि तू विचारतोयस जाऊ की नको, नाही गेलो तर नोकरी राहील का. पत्रकारिता कशाशी खातात हे मी तुला शिकवत बसणार नाही, ते कळत नसतं तर तुझी झोप उडाली नसती. एकच सांगते आणि तेच परत परत सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच. शोच्या कॉन्ट्रॅक्टवर सही त्या पोरीने केलीय. तिच्या आईने केलेली नाही.

पोरगी आत गेली तेव्हा तिला माहीत होतं कॅमेरे चोवीस तास चालू असणार. ती भांडली, रडली, कुणाच्या खांद्यावर डोकं ठेवलं, त्यावर लिही ना, बिनधास्त लिही. फक्त "ती असं वागली" नको, "एपिसोडमध्ये असं दाखवलं" लिही. दिवसभराच्या शूटिंगमधून तासाभराचा एपिसोड कापतात, कुणाच्या डायलॉगवर कुणाचा चेहरा चिकटवलाय ते तुला मला इथे जळगावात बसून काय कळणार. डेस्कवाले म्हणतील फार किस पाडतोस. म्हणू दे. पण आई, भाऊ, आधी ज्याच्याशी लग्न ठरून मोडलं तो मुलगा, यांनी कुठे सही केली?

मलाही असंच पाठवलं होतं, पारोळा तालुक्यात, एका डान्स शोमधल्या पोरीच्या घरी. भाव वाढेल या आशेने पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरून ठेवलेला, त्या कापसाने सगळ्यांच्या हातापायाला खाज सुटलेली, आणि आमचा कॅमेरामन त्या बाईला म्हणतो मावशी तुम्ही ढिगावर बसा, गरिबी चांगली दिसेल. डेस्कचा आदेश असा की पोरीची रडतानाची क्लिप आईला मोबाईलवर दाखवा आणि तिचा चेहरा शूट करा. ती बाई मला म्हणाली, "मनी आंडेरले इचार ना, माले काय इचारस?", म्हणजे माझ्या लेकीला विचार ना, मला काय विचारतेस, आणि मग तिनेच विचारलं कापसाचा भाव कधी वाढणार. मी क्लिप दाखवली नाही, कॅमेरा बंद करायला लावला आणि कापसाच्या भावाची बातमी घेऊन आले. ती कुणी लावली नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा रिपोर्टर गेला, त्याने क्लिप दाखवली, बाई रडली, आठवडाभर तेच चाललं. मला मग बाजारभाव आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांवर बसवलं ते बसवलंच. माझ्यासोबतचे मुंबईला गेले, आज स्टुडिओत बसून ओरडतात. वाईट वाटतं का? वाटतं की, खोटं कशाला बोलू, बँकेचा हप्ता भरताना तर फार वाटतं. पण लोक म्हणतात बाईने हट्टापायी करिअर घालवलं, ते मला मान्य नाही. करिअर मी नाही घालवलं, ज्यांनी मला तिथे बसवलं त्यांनी घालवलं, हे एकदा कुठेतरी लिहायचंच होतं, तुझ्या पत्रात लिहून घेतलं.

आता तू म्हणशील मॅडम, ती पब्लिक फिगर आहे. अरे हो, पण कुठपर्यंत? २ सप्टेंबर २०२१ ला सिद्धार्थ शुक्ला गेला, बिग बॉसच्या तेराव्या सीझनचा विनर. स्मशानभूमीबाहेर त्याच सीझनमधल्या शहनाज गिलची गाडी आली तर कॅमेरे अक्षरशः काचेला चिकटले होते. तिने शोसाठी सही केली होती, स्मशानासाठी नव्हती केली. म्हणजे जिने सही केली तिच्याबाबतीतही हद्द आहे, मग जिने केलीच नाही त्या माऊलीचं काय! प्रेस कौन्सिलच्या नियमांत हे स्पष्ट आहे, खऱ्या जनहिताशिवाय कुणाच्या खासगी गोष्टीत घुसायचं नाही, नुसतं कुतूहल म्हणजे जनहित नाही, आणि वैयक्तिक दुःखाच्या क्षणी फोटोसाठी घुसायचं नाही. तुझा एडिटर सांगेल की प्रेस कौन्सिल पेपरवाल्यांसाठी आहे, पोर्टल त्यात येत नाही आणि तसंही ते फार तर ताशेरे मारतात, दंड करता येत नाही. बरोबरच आहे त्याचं. म्हणून काय दंड नाही तोवर घुसायचं?

जायचंच असेल तर असा जा. आधी कॅमेऱ्याशिवाय. कुठून आलास, हे कुठे दिसणार, नीट सांग, गाडीत माईक लपवून ठेवू नको. बोलायचं असेल तर बाई मनमोकळी बोलेल, लेकीचं कौतुक कुणाला नसतं, चहा पण पाजेल. पण कौतुकाला हो म्हणाली म्हणजे मोडलेल्या लग्नालाही हो म्हणाली असं धरू नको. घराची गल्ली दाखवू नको, भावाचा नंबर कुणाला देऊ नको, फॅन लोकांच्या ग्रुपवर एकदा नंबर गेला की घरच्यांचं जगणं मुश्किल होतं. नाही म्हणाली तर निघ. "कुटुंबीयांनी बोलण्यास नकार दिला" एवढं लिही, त्याला "संतापून" वगैरे फोडणी नको. सही तिची नाही रे बाबा, किती वेळा सांगू.

आणि हे ऐकून मऊ होऊन बसू नको, तेही मला आवडत नाही. २०२४ ला बारामतीकडच्या मोढव्याचा सूरज चव्हाण बिग बॉस मराठी जिंकला तेव्हापासून गावोगावच्या पुढाऱ्यांना कळलंय की यात मतं आहेत. बस स्टँडवर "आपल्या लेकीला व्होट करा" चे बॅनर लागलेत ना, त्यावर लेकीपेक्षा इच्छुकांचे फोटो मोठे आहेत. पैसे कुणी दिले, परवानगी होती का, नगरपालिकेत जाऊन विचार. तिचे पीआरवाले व्हॉट्सअ‍ॅपवर तयार बातम्या टाकतात, त्या जशाच्या तशा कोण छापतं बघ. आणि मागच्या सीझनचा तो आपल्याकडचा हिरो बाहेर आल्यापासून बेटिंग ॲपची जाहिरात करतोय म्हणालास, त्याला फोन लाव, कितीही मोठा असू दे, सोडू नको. तिथे सही त्याची स्वतःची आहे. स्क्रीनशॉट मात्र आजच घे, तारखेसकट, फोन गेला की हे लोक पोस्ट डिलीट मारतात.