कोयंड्यात नाचणारी कडी
(लिहित्या वाचकांचे प्रश्न)

माझ्या दीर्घकथेचा नायक सावकाराचा खून करतो. त्याचं दारिद्र्य, बापाचा मार, बहिणीचं मोडलेलं लग्न हे सगळं मी आधीच्या वीस पानांत घातलंय. तरी वाचणारे म्हणतात, ‘याच्याशी आमचं जुळत नाही.’ काय कमी पडतंय? – एक वाचक, सातारा

कमी नाही, जास्त झालंय. वीस पानं तुम्ही त्याचं वकीलपत्र चालवलंत. समोर वकील उभा राहिला की वाचक आपोआप न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो.

दस्तयेवस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ (१८६६) या दृष्टीने पुन्हा काढून वाचा. नायक रास्कोल्निकोव्हची गरिबी तिथेही आहे, पण ती मोजून दिलेली आहे. बापाच्या घड्याळावर तो चार रुबल मागतो, गहाण घेणारी म्हातारी दीड कबूल करते आणि व्याज आगाऊ कापून एक रुबल पंधरा कोपेक हातावर टेकवते. बस्स. त्यानंतर लेखक कारणांपेक्षा तिला मारण्याच्या कामात जास्त रमतो. खोलीपासून तिच्या घरापर्यंत बरोबर ७३० पावलं. कुऱ्हाड लटकवायला कोटाच्या आत, डाव्या काखेखाली, जुन्या सदऱ्याची पट्टी फाडून शिवलेला फासा. लाकडाचा तुकडा आणि लोखंडाची पट्टी कागदात बांधून केलेलं खोटं गहाण, त्याची गाठ अशी की सोडवताना म्हातारी गुंतून राहावी. आणि मग बेत फसतो! स्वयंपाकघरात मोलकरीण बसलेली, तिथली कुऱ्हाड उचलता येत नाही. रखवालदाराच्या खोलीत बाकाखाली दुसरी दिसते, तेव्हा वाचक ‘हुश्श’ करतो. कशाला हुश्श केलं, हे त्याच्या नंतर लक्षात येतं.

खुनानंतर तर कहर आहे. बाहेर गिऱ्हाइकं दार ओढतायत, आत तो कुऱ्हाड आवळून उभा, आणि कडी कोयंड्यात नाचतेय. ती निघू नये असं आपल्याला वाटतं. हिचकॉकच्या ‘सायको’त (१९६०) खून लपवायला दलदलीत ढकललेली मोटार बुडताना मध्येच अडकते, तिथेही हीच युक्ती आहे. माणूस काहीतरी पार पाडायला धडपडत असेल आणि अडचण अगदी क्षुल्लक, घरगुती असेल, तर आपण त्याच्या बाजूने ओढले जातो. त्याचं काम वाईट आहे हे ठाऊक असूनही.

तेव्हा वीस पानांची तीन करा. उरलेलं खुनानंतर, गरज पडेल तसं द्या. दस्तयेवस्कीच्या सहा भागांतला पहिला भाग संपतो तिथे खून उरकलेला असतो, पाच भाग आणि उपसंहार पुढेच आहेत. आणि नायकाला ‘मनाने चांगला’ दाखवायचंच असेल तर जपून. रास्कोल्निकोव्ह मार्मेलादोव्ह नावाच्या कंगाल दारुड्याच्या घरी खिडकीत चिल्लर ठेवून निघतो आणि जिन्यातच त्याला ते ठेवल्याचा पस्तावा होतो. हा पस्तावा नसता तर ती चिल्लर वाचकाला दिलेली लाच ठरली असती.

‘मी’ने लिहू की ‘तो’ने? – एक वाचक, पणजी

‘तो’ने, पण त्याच्या खांद्यावरून न हलता. दस्तयेवस्कीने हीच कादंबरी आधी खुन्याचा कबुलीजबाब म्हणून प्रथमपुरुषी लिहिलं होतं. नोव्हेंबर १८६५ मध्ये त्याने बरंच तयार झालेलं लिखाण जाळलं आणि नव्याने सुरुवात केली. तापात बरळणारा माणूस त्याच दमात आपली नीट हकिकत सांगू लागला तर ती खोटी वाटते, आणि ‘मी’ फार बोलला की सफाई देतोय असा वास येतो. वाचकाने निवेदकावर संशय घ्यावा असंच हवं असेल, तर ‘मी’ उत्तम. ठरत नसेल तर खुनाचं एक पान दोन्ही तऱ्हांनी लिहा आणि ‘कारण’, ‘म्हणून’, ‘शेवटी’ या शब्दांवर खुणा करा. ज्यात खुणा कमी, तो मसुदा ठेवा.

संपादकांनी कथा परत केली : ‘खुन्याबद्दल सहानुभूती म्हणजे खुनाचं समर्थन.’ हे खरं आहे का? – एक वाचक, जळगाव

घोटाळा शब्दाचा आहे. मराठीत ‘सहानुभूती’ म्हटलं की कीव, पाठिंबा असंच मनात येतं. शब्द फोडला तर निघतं ते नुसतं ‘सोबत अनुभवणं’. इंग्रज निबंधकार टॉमस डी क्विन्सीने १८२३ मध्ये शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकात खुनानंतर दारावर पडणाऱ्या थापांवर निबंध लिहिला, त्यातही हाच खुलासा त्याला तळटीपेत करावा लागला होता : खुन्याच्या भावनेत शिरणं वेगळं, कीव किंवा संमती वेगळी.

पण संपादकांना उडवून लावू नका. अशा कथा बहुतेकदा मेलेल्या माणसापाशी फसतात. अल्योना, म्हणजे ती गहाण घेणारी म्हातारी, तिरसट, व्याजखाऊ आहे, तिच्या मरणाचा हिशेब मांडता येतो. दार उघडं राहिलेलं असतं आणि तिची सावत्र बहीण लिझावेता हातात गाठोडं घेऊन येते, तिथे हिशेब मोडतो. म्हातारीला कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे मागची बोथट बाजू, बसला होता, हिला पातं बसतं. ती चेहराही झाकत नाही, मोकळा डावा हात जरासा पुढे करते. पुढे नायकालाच नवल वाटतं की हिची आठवण आपल्याला जवळजवळ येतच नाही. लेखक मात्र विसरत नाही. मार्मेलादोव्हची मुलगी सोन्या त्याला मेलेला लाझारस जिवंत झाल्याची कथा ज्यातून वाचून दाखवते, ती बायबलच्या ‘नव्या करारा’ची प्रत लिझावेताने आणून दिलेली असते.

तुमच्या सावकारालाही अशी एक वस्तू द्या. चष्म्याची डबी, अर्धवट भरलेली औषधाची चिठ्ठी, काहीही. खुनाच्या वेळी तिच्याकडे बोट दाखवू नका, तीसेक पानांनी ती भलत्याच माणसाच्या हातात दिसू द्या. मॅकबेथने मारलेला राजा डंकन पडद्याआड मरतो, पण त्याचा शत्रू मॅकडफ याचा पोरगा आईशी थट्टा करून आपल्यासमोर मरतो. मॅकबेथवरची आपली माया तिथे आटते, आणि शेक्सपिअरला तेच हवं होतं. कामूच्या ‘द आउटसायडर’ (१९४२) या कादंबरीत नायकाने मारलेल्या अरबाला नावच नव्हतं. अल्जेरियन लेखक कामेल दाऊदने २०१३ मध्ये आपल्या कादंबरीत त्या अरबाच्या भावाला बोलतं करून ते नाव दिलं.

शेवटी त्याला शिक्षा व्हायलाच हवी का? – एक वाचक, सोलापूर

नाही. पॅट्रिशिया हायस्मिथच्या कादंबरीतला खुनी रिप्ले (१९५५) सुटतो, रास्कोल्निकोव्हला आठ वर्षं सक्तमजुरी होते, दोन्ही पटतं. ट्रकखाली मेलेला खुनी मात्र पटत नाही. आणि कबुली घ्यायचीच असेल तर सहज घेऊ नका. रास्कोल्निकोव्ह पोलीसचौकीत जातो, कबुली न देताच बाहेर पडतो, अंगणात सोन्या उभी दिसते, आणि मग पुन्हा जिना चढतो.