एएनए पॉझिटिव्ह आला म्हणजे मूत्रपिंडाचा ल्युपसच झाला का? बायोप्सी टाळता येईल का?

आपण लिहिता की, धाकट्या बहिणीच्या पायांवर सूज आली, लघवीतून प्रथिने जात असल्याचे आढळले, परभणीत केलेली एएनए तपासणी पॉझिटिव्ह आली आणि आता डॉक्टर मूत्रपिंडाची बायोप्सी सुचवत आहेत. मी लातूरच्या एका प्रयोगशाळेत याच तपासण्या पाहतो, म्हणून आधी हा रिपोर्ट कसा तयार होतो ते सांगतो.

एएनए म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकांविरुद्ध बनलेली प्रतिपिंडे (अँटिबॉडी); शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या ल्युपस या आजारात ती आढळतात. त्यांच्या तपासणीसाठी रक्तातील सीरम पातळ करून मानवी पेशी चिकटवलेल्या काचपट्टीवर सोडतात आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची केंद्रके हिरवी चमकतात का ते बघतात. चमकली, तर सीरम दुपटीदुपटीने आणखी पातळ करत नेतात, आणि ज्या पातळीपर्यंत चमक टिकते तो आकडा लिहितात. १:८० आणि १:१२८० या दोन्हींपुढे ‘पॉझिटिव्ह’ हाच शब्द छापला जातो, आणि घोळ नेमका तिथेच होतो. कारण १:८० हा निकाल ठणठणीत माणसांतही साधारण दहांतील एकाला येऊ शकतो. तेव्हा बहिणीच्या रिपोर्टवरचा आकडा आधी पाहा.

यापुढची तपासणी डीएसडीएनए, म्हणजे दुपदरी डीएनएविरुद्धच्या प्रतिपिंडांची. तिच्या एका पद्धतीत क्रिथिडिया नावाचा एकपेशीय जीव वापरतात. त्याच्या केंद्रकाशेजारी निव्वळ दुपदरी डीएनएचा एक बारीक ठिपका असतो, आणि तो ठिपका उजळला की मी स्वतः डॉक्टरांना फोन करतो. सोबत सी३ आणि सी४ ही रक्तातील पूरक (कॉम्प्लिमेंट) प्रथिने घटलेली असतील, तर ल्युपसचा संशय फार बळावतो.

तरीही बायोप्सी लागतेच, कारण ल्युपसमधील मूत्रपिंडाच्या आजाराचे सहा वर्ग आहेत आणि त्यांतला कोणता, हे रक्त सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्गात स्टेरॉइडबरोबर मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फामाइडसारखी, प्रतिकारशक्ती दाबणारी जड औषधे द्यावी लागतात. ती नुसत्या अंदाजावर कोण देईल? सुईने निघणारा तुकडा जेमतेम दोऱ्याएवढा असतो. त्याचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये न बुडवता वेगळ्या द्रावणात पाठवावा लागतो, नाहीतर प्रतिपिंडे कुठे साचली आहेत ते नीट दिसत नाही; हे आधीच विचारून ठेवा.

बायोप्सीला एक महत्त्वाचा अपवाद आहे, पीएलए२आर या प्रतिपिंडाचा. मेम्ब्रेनस नेफ्रोपथी, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळणीचा पडदा जाड होण्याच्या आजारात ते असते, हे २००९ साली समजले, आणि त्या आजाराच्या प्राथमिक (दुसऱ्या आजारामुळे न झालेल्या) प्रकारात सुमारे ७० टक्के रुग्णांत ते सापडते. मूत्रपिंडाचे काम चांगले चालले असेल, तर अशा रुग्णाची बायोप्सी टाळता येते. पण ज्याचा एएनए ठळकपणे पॉझिटिव्ह आहे, त्याला ही सवलत सहसा मिळत नाही. जाता जाता, बहीण गोरेपणाचे मलम लावत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. पाऱ्याची भेसळ असलेल्या अशा मलमांमुळे मेम्ब्रेनस नेफ्रोपथी झालेले रुग्ण केरळमधील डॉक्टरांनी नोंदवले आहेत.

लघवी लाल होऊन क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील आकडा) काही दिवसांतच चढू लागले, तर मात्र आंका (रक्तवाहिन्यांच्या दाहात आढळणारी प्रतिपिंडे) आणि अँटी-जीबीएम (मूत्रपिंडाच्या गाळणीच्या पडद्याविरुद्धची प्रतिपिंडे) या तपासण्या त्याच दिवशी पाठवाव्यात, आणि निकालाची वाट न पाहता मूत्रपिंडतज्ज्ञ गाठावा.

आणि एएनए पुन्हा पुन्हा करू नका. मागे औशाकडचे एक गृहस्थ पत्नीचे चार ठिकाणचे चार एएनए रिपोर्ट घेऊन आले होते. लघवीतील प्रथिनांचे मोजमाप मात्र एकदाही झालेले नव्हते.